मधी पडणं

माझं शुद्धलेखन चौथीपर्यंतचं आहे आणि अक्षर वाकडंतिकडं. ज्या कुणाच्या हाती ही वही लागेल त्यानं राग मानू नये. वही माझ्या मुलीची, रूपालीची, बारावीच्या भौतिकशास्त्राची. मागची पानं कोरी राहिली होती.

उन्हं कलल्यावरची ती वेळ अजून आठवते. वडगाव रासाईच्या आमच्या मळ्यात शेवंतीची रोपं नुकती लागली होती, भिजल्या वाफ्यांचा वास होता, भीमेकडून वारा येत होता. हौदाच्या कठड्यावर बसून रूपाली एकच शब्द घोकत होती, इंटरफिअरन्स. म्हंजी काय गं, मी विचारलं, तर तिनं हौदात एकदम दोन खडे टाकले. दोन्हीकडची वलयं पसरत एकमेकांत शिरली. कुठं पाणी दुपटीनं उचललं, कुठं जागच्या जागी गप्प राहिलं.

"उजेडाचंबी असंच हाय, आई. उजेडात उजेड मिसळूनबी मधी अंधाराच्या रेघा पडत्यात."

"आन् मराठीत काय म्हणायचं याला?"

"भौतिकात व्यतिकरण, नागरिकशास्त्रात हस्तक्षेप, आन् आजीच्या शास्त्रात लुडबुड!"

"ऐकू येतंय मला, भवाने," पलीकडच्या वाफ्यातून सासूबाई म्हणाल्या, आणि आम्ही तिघीही हसलो.

मन शिकवणाऱ्या शास्त्रातही हा शब्द आहे, असं तिनं सांगितलं. तिथं नवं शिकलेलं जुन्या आठवणीच्या आड येतं. ते मला लगेच कळलं. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं गेलं, आणि पुढं काही वर्षांनी दौंडच्या बाजारात माहेरच्या बाईनं जुन्या नावानं तीनदा हाक मारली तरी मी वळले नाही.

इतक्या शास्त्रांतून हिंडणारा शब्द आमच्या घरात मात्र एकाच अर्थानं राहत होता: बाईनं मधी पडायचं नाही. रूपालीला दौंडला बीएस्सी करायचं होतं, आणि तिच्या वडिलांनी भांडगावचं स्थळ पक्कं करत आणलं होतं. तेव्हा मी जन्मात पहिल्यांदा मधी पडले. दुसऱ्यांच्या मळ्यात खुरपणी करून साठवलेले पैसे घेऊन, घरात न सांगता, तिच्याबरोबर जाऊन फी भरली. ती झेरॉक्स काढायला गेली असताना खिडकीतल्या माणसानं मोबाइल नंबर विचारला. मला एकच पाठ होता. तो सांगितला.

आम्ही घरी पोचायच्या आत फी भरल्याचा मेसेज यांच्या फोनवर पोचला होता.

"मधी पडाया तुला कुणी सांगितलं?" ताटावरून मान न उचलता हे एवढंच म्हणाले. रूपाली माझ्याकडे बघत राहिली, मी भाकरीकडे. दुसऱ्या दिवशी यांनी स्वतः जाऊन प्रवेश रद्द केला.

आता शेवंती फुलली आहे, तिचा कडसर वास दारापर्यंत येतो, आणि रूपाली भांडगावला नांदते. मी मधी पडले नसते तर तिनं कॉलेजची पायरी पाहिलीच नसती; पडले म्हणून ती पाहून मागं फिरावं लागलं. यातलं तिला जास्त काय लागलं असेल, हे विचारायची हिंमत मला होत नाही.

मागच्या आठवड्यात कॉलेजातून फी परत आली. तास सुरू होण्याआधी अर्ज दिला होता, म्हणून काही कापलं नव्हतं. यांनी बँकेतून काढून सगळे पैसे माझ्या हातावर ठेवले. म्हणाले, "मोजून घे." मी मोजले. पुरते होते.