रबियाआजींचा पंजा

मंडळी, आज सकाळचं हे सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

आम्ही जवळा बाजारचे. अठ्ठेचाळीस साली शेजारचं तांबोळी कुटुंब कायमचं कराचीला गेलं. जाताना मोहरमात काठीवर चढवून बसवतात तो सवारीचा चांदीचा पंजा आमच्या पणजोबांच्या हातात देऊन गेलं. तेव्हापासून दर मोहरमला सवारी आमच्याच घरात बसते.

फेसबुकवर ओळख झालेल्या तांबोळींच्या पणतूने आज व्हिडिओ कॉल लावला. समोर त्याची आजी, रबियाआजी! लहानपणी त्या आणि आमचे आजोबा एकाच अंगणात खेळलेले.

आजोबांनी मोबाइल पंज्यासमोर धरला. आजी चक्क मराठीत ओरडल्या, "शंकऱ्या, पंज्याला कुंकू काहून लावलं रे?"

मला हसू आवरेना. आजोबा मात्र ओशाळले. "आमी देवाला लावतो तसं लावलं. पुसू का?"

"न्हाई, राहू दे."

"रबिया, तुमची अमानत हाय. कोणासंगं पाठवून देऊ का?"

आजी म्हणाल्या, "नको रे. सवारी तिथं बसती म्हणून मला अजून गाव हाय."

तुमच्या घरात असं कुणाचं काही राहिलंय का? असेल तर त्यांना फोन करा. घेऊन जा म्हणायला नको, जपून ठेवलंय एवढंच सांगा.