दोन द्रोण आणि एक गोलकीपर

आमच्या यांना दारू चढते की नाही, हे मला बावीस वर्षं ठाऊकच नव्हतं, कारण ती यांच्या पोटात जाताना कुणी पाहिलीच नव्हती. सणाला श्रीखंडात जायफळ जरा जास्त पडलं तरी हे चार वाजेपर्यंत आडवे. अशा माणसावर दारू पिऊन गाडी चालवल्याची केस झाली. आणि तीही बुऱ्हाणपुरात, जिथे एका गल्लीत शिंकलं तर तिसऱ्या गल्लीतून काढ्याची कृती येते.

हे कॉलेजात फुटबॉल शिकवतात. मूळचे नेपानगरचे. सासरे पेपर मिलमध्ये होते आणि कॉलनीच्या मैदानावरच यांना हा नाद लागला. मी तापीकाठच्या केळीवाल्यांची लेक. बावीस माणसं दीड तास एका चेंडूमागे धावतात आणि शेवटी घरी काहीच आणत नाहीत, हे माझ्या माहेरी अजून कुणाला पटलेलं नाही.

त्या वर्षी यांनी मुलींची टीम काढली. दहा जणी जमल्या, पण गोलकीपर मिळेना. जिला उभी करावी ती चेंडू आला की शहाण्या माणसासारखी बाजूला व्हायची. मग एक दिवस कॉलेजच्या जिन्यावर कुणाच्या तरी हातून पुस्तकांची चळत निसटली आणि पहिल्या वर्षाच्या एका मुलीने ती खालच्या पायरीवरून अलगद झेलली. हे तिथेच उभे होते. घरी आले ते जेवायचंच विसरले.

मुलगी धूलकोटच्या पुढच्या एका पाड्यावरची, इथे वसतिगृहात राहायची. स्पर्धा इंदूरला, चार दिवसांची. तिच्या वडिलांनी साफ नाही म्हणून कळवलं. तेव्हा एका रविवारी सकाळी हे माझी स्कूटी घेऊन त्यांना समजवायला गेले.

तिथे काय घडलं ते मला नंतर कळलं. त्या घरात पोरगी दुसऱ्याच्या हवाली करायची एकच रीत, लग्नाच्या बोलणीची. चार जाणती माणसं बोलवायची, पळसाच्या पानाच्या द्रोणात मोहाची ओतायची, पहिले थेंब जमिनीवर पूर्वजांना सोडायचे आणि मग दोन्हीकडच्यांनी प्यायची. प्याली की शब्द झाला. फुटबॉलसाठी पोरगी मागायला आजवर कुणी आलंच नव्हतं, मग त्याची वेगळी रीत कुठून असणार? पहिला द्रोण मुलीच्या बापाच्या मानाचा, दुसरा मागणाऱ्याच्या शब्दाचा. हे दोन्ही प्यायले.

बरं, प्यायले ते प्यायले. खाट होती, सावली होती, "मास्टर, सो जाओ," असं वडील दोनदा म्हणाले. पण यांची पाच वाजता प्रॅक्टिस! निघाले. अख्ख्या रस्त्यात उजवीकडचा इंडिकेटर चालू आणि दोन्ही पाय जमिनीला घासत. शहराच्या तोंडाशी पोलिसांची तपासणी होती. शिपायाने शिटी मारली. यांनी गळ्यातली शिटी काढून त्याच्यापेक्षा मोठ्याने मारली आणि विचारलं, "फाऊल कोणाचा?"

शिपाई निघाला यांचाच जुना विद्यार्थी. बिचारा रडवेला झाला, पण त्याने नळी पुढे केली. "सर, फूंको." यांनी सगळा दम लावून अशी फुंकली की मशीनने काही शिल्लक ठेवलं नाही.

मी ठाण्यावर गेले तेव्हा हे बाकावर ताठ बसले होते.

"अहो, तुम्ही प्यायले?"

"थोडीशी. पण काम झालं बरं."

मी तिथेच तोंड सोडलं. रस्त्यात कुणाचं लेकरू आडवं आलं असतं तर? कसलं काम अन् कसला गोल! शिपायाने मला पाणी आणून दिलं. चूक झाली, असं हे म्हणाले आणि मान खाली घातली ती घरापर्यंत वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं. शेजारणीने तो मला मुद्दाम आणून दिला, आमच्याकडे तोच पेपर येतो हे माहीत असून. प्रिन्सिपलसाहेबांनी यांना बोलावून सांगितलं की कोर्टात गुन्हा शाबित झाला तर टीम तुमच्याकडे ठेवणं अवघड आहे. मग मीच माझ्या मावसभावाला गाठलं. तो वकील आहे. त्याने तोड काढली. "भाऊजी, तुम्ही दारू प्यालेच नाही. खोकल्याचं औषध जास्त झालं. बाकी मी पाहून घेतो."

यांना ते रुचलं नाही. पण मी मागे लागले. आयुष्यात एकदा खोटं बोलायला काय जातं, असं मीच म्हणाले. घरात खोकल्याचा सराव सुरू झाला. सकाळ-संध्याकाळ हे खोकायचे आणि भाऊ फोनवरून दुरुस्त करायचा. "अजून छातीतून, भाऊजी!"

तारखेच्या आदल्या दिवशी मुलीचे वडील आले, संमतीच्या कागदावर सही करायला. सोबत मुलगी, तिच्या हातात कपड्यांची पिशवी. शब्दाप्रमाणे पोरगी आमच्या हवाली, म्हणून स्पर्धेपर्यंत ती वसतिगृहात नाही, आमच्याकडे राहणार होती. आतून खोकला ऐकू आला तसे ते म्हणाले, "मास्टर बीमार है क्या?"

मी मोठ्या हुशारीने त्यांना सगळी युक्ती सांगितली. त्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"मतलब मास्टर ने हमारे घर पी नहीं?"

"पी तो सही, भाऊ. फक्त कोर्टात नाही म्हणायचं."

"पी नहीं, तो बात भी नहीं हुई." ते रागावले नव्हते. त्यांनी कागद तसाच कोरा घडी करून परत दिला आणि मुलीकडे पाहिलं. मुलीने पिशवी उचलली. आतला खोकला थांबला होता, पण हे बाहेर आले नाहीत. मला इतकी लाज वाटली की चहा घेऊन जा म्हणायचंही सुचलं नाही.

त्या रात्री खोकल्याचा सराव झाला नाही. सकाळी हे इस्त्रीचा शर्ट घालून तयार झाले. भाऊ कोर्टाच्या दारातच उभा होता. "खोकला विसरू नका."

नाव पुकारलं. जजसाहेबांनी विचारलं, "जुर्म कबूल है?" हे भीतीने खरोखरच खोकले. भावाचा चेहरा उजळला.

"कबूल है, साहब. दो दोने पिए. एक उनका, एक मेरा. फिर गाड़ी चलाई, वो गलत किया."

"दूसरा क्यों पिया?"

"साहब, लड़की गोलकीपर है."

साहेबांनी भावाकडे पाहिलं. भावाने पंख्याकडे पाहिलं. दंड झाला, काही महिन्यांसाठी लायसन गेलं. पुढे कॉलेजने लेखी ताकीद दिली, पण टीम काढून घेतली नाही, कारण ती घ्यायला दुसरं कुणी तयारच नव्हतं. अर्थात त्या घटकेला हे आम्हाला कुठे ठाऊक होतं? मला वाटलं, गेली टीम. आणि तरी मला या माणसाचा इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले.

मागे वळले तर दाराशी मुलीचे वडील, त्यांच्यामागे मुलगी. कधी आले होते कोण जाणे. त्यांनी यांना राम राम केला, माझ्या पर्समध्ये तसाच राहिलेला तो संमतीचा कागद मागून घेतला आणि भावाच्याच पेनने सही केली. "सुबह जल्दी उठाना पड़ता है इसको," एवढंच मला म्हणाले आणि बसस्टँडकडे चालू लागले.

मुलगी पिशवी घेऊन स्कूटीजवळ आली. एकदा यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"काकू, गाडी कोण चलाएगा?"

मी चावी पुढे करून दाखवली. तिघांनी बसायची सोय नव्हती, कारण तोच शिपाई फाटकाशी उभा होता. "तुम्ही या चालत," मी यांना सांगितलं आणि मुलीला मागे बसवून निघाले. चौकात आरशात पाहिलं तर हे इस्त्रीच्या शर्टात, गुडघे उचलत, आमच्या मागे धावत येत होते.