चंद्रकाकांचं सदर

दूध उतू जायच्या बेतात होतं आणि दारावर थाप पडली. गॅस बंद करून दार उघडलं, तर शेजारच्या काकू. पायात दोन वेगळ्या चपला.

"आजचा पेपर दे गं जरा."

काकांना जाऊन तीन आठवडे झाले होते. ते विज्ञानकथा लिहायचे. त्यांच्या चंद्रावरसुद्धा नळाला पाणी कमी यायचं आणि लोक जिन्यात भांडायचे, म्हणून इमारतीतली पोरं त्यांना चंद्रकाका म्हणत. पण घरोघरी त्यांचं नाव पोहोचलं ते रविवारच्या कॉम्प्युटरच्या सदरामुळे. वाचकांनी अडचण कळवायची, काकांनी उत्तर द्यायचं. प्रत्येक उत्तर छापायला धाडण्याआधी ते काकूंना कॉम्प्युटरपुढे बसवत, कागद हातात देत आणि तोंडाला कुलूप लावून मागे उभे राहत. काकू अडल्या की म्हणत, "तू नाही, माझं वाक्य चुकलंय." आणि पुन्हा लिहायला बसत.

मी पान उघडलं. सदर होतं. वर काकांचा फोटो, आधीपेक्षा मोठा, गाल गुलाबी केलेले. शी!

"आधी लिहून ठेवलेलं असेल," मी म्हटलं.

"छे. हे मी करून पाहिलेलंच नाही." काकू खुर्चीत टेकल्या. "मघाशी एका मास्तरांचा फोन आला. मागच्या रविवारचं वाचून त्यांनी कॉम्प्युटरवरचं सगळं पुसलं. गेलेल्या बायकोचे फोटो होते त्यात. म्हणाले, साहेबांना फोन द्या, आता पुढे काय करू विचारतो."

त्यांनी तिथूनच संपादकांना फोन लावला, स्पीकरवर.

"अहो वहिनी, वाचकांना त्यांच्या नावाची सवय झालीय. जुनी उत्तरं मशीनला वाचायला दिली, आता ते हुबेहूब त्यांच्यासारखं लिहितं. अमर झाले की ते! विज्ञानकथाच म्हणा ना!" आणि हा माणूस चक्क हसला. शोकसभेत यानेच तीनदा चष्मा काढून डोळे पुसले होते.

"आणि करून कोण बघतं?" काकूंनी विचारलं.

"त्यात करून काय बघायचं?"

माझ्या ओठांवर चांगली शिवी आली होती. काकूंनी हातानेच मला थोपवलं. आवाज जराही चढला नाही त्यांचा.

"रविवारच्या पानावरून त्यांचं नाव काढा."