राखीव जागेवरच्या आशालताबाई

सोसायटीच्या कमिटीवर बायकांसाठी दोन जागा राखीव असतात, हे आशालताबाई गवाणकरांना त्या स्वतः कमिटीवर निवडून येईपर्यंत माहीत नव्हतं. आणि निवडून आल्यावरही त्यांना ते कळलं ते नवऱ्याकडूनच.

वसई पूर्वेला एव्हरशाईन सिटीत नवकिरण नावाची सहा मजल्यांची सोसायटी आहे. गवाणकर मूळचे लांज्याकडचे. चंद्रहास गवाणकर मुंबईत विमा कंपनीत होते. भाड्याच्या खोल्या बदलून कंटाळले, तेव्हा कर्ज काढून त्यांनी इथे दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. आशालताबाईंनी माणिकपूरला एका बालवाडीत बरीच वर्षं शिकवलं, आणि गुडघे बोलायला लागल्यावर सोडलं. मुलगी लग्न होऊन नाशिकला गेली. चंद्रहास निवृत्त झाले आणि निवृत्त माणसाला जे लागतं ते त्यांना सोसायटीच्या मीटिंगांमध्ये सापडलं. पण पुरुषांच्या जागा आधीच भरलेल्या. सेक्रेटरी संखे म्हणाले, "भाऊ, बायकांची एक जागा रिकामी राहतेय. उभं राहायला कोणी तयारच नाही. वहिनींना उभं करा ना."

"तिला यातलं काही कळत नाही," चंद्रहास म्हणाले.

"कळायचंय कशाला? तुम्ही आहात की."

फ्लॅट चंद्रहासांच्या एकट्याच्या नावावर होता. म्हणून आशालताबाईंना आधी सहसभासद करून घेतलं, मग त्यांचा अर्ज भरला. समोर कोणी नव्हतंच. त्या बिनविरोध निवडून आल्या त्या दिवशी त्या घरी वाल सोलत बसल्या होत्या. पुढची दोन वर्षं मीटिंगला चंद्रहास जात, टाकीच्या सफाईपासून लिफ्टच्या कंत्राटापर्यंत सगळ्यावर मत देत आणि रात्री इतिवृत्ताचं बुक वर घेऊन येत. "इथे सही कर." आशालताबाई पदराला हात पुसून सही करत. यात आपला काही अपमान होतोय असं त्यांना कधी वाटलं नाही. उलट नवऱ्याचं मन रमतंय हे बरंच होतं.

चौथ्या मजल्यावर कौस्तुभ आणि क्षितिजा राहायचे. लग्नाला तीनेक वर्षं झालेली, दोघंही नोकरीवाले. फ्लॅट कौस्तुभच्या नावावर होता, लग्नाआधीच घेतलेला. त्यांच्यात धुसफूस होती हे मजल्यावरच्या लोकांना ठाऊक होतं, पण आरडाओरडा कधी कोणी ऐकला नव्हता. क्षितिजा आशालताबाईंना लिफ्टमध्ये भेटायची ती कानात ते छोटे हेडफोन घालून. हसायची, पण बोलायची नाही. आशालताबाईंच्या मनात तिच्याविषयी फारसं प्रेम नव्हतं.

वडिलांच्या ऑपरेशनसाठी क्षितिजा चिपळूणला गेली. ती तिकडे असतानाच कौस्तुभने दाराचं कुलूप बदललं, स्वतः ठाण्याला आईवडिलांकडे जाऊन राहिला आणि जाताना सोसायटीला पत्र देऊन गेला: माझी पत्नी आता माझ्यासोबत राहत नाही, तिला आवारात प्रवेश देऊ नये. कमिटी बसली. संखे म्हणाले, मालकच सांगतोय म्हटल्यावर आपण कोण? कौस्तुभ तसा सगळ्यांच्या मर्जीतला, गणपतीत रात्ररात्र राबणारा. ठराव झाला. चंद्रहासांनीही मान डोलावली आणि नेहमीसारखं बुक वर आणलं.

त्या दिवशी आशालताबाईंनी ते वाचलं. का वाचलं, याचं उत्तर त्यांना पुढेही नीट देता आलं नाही. चष्मा डोळ्यांवर होता, एवढंच.

"म्हणजे ती परत आली तर गेटवरून हाकलायची?"

"हाकलायची कसली! त्यांचा आपसातला मामला आहे. सोसायटीने मध्ये पडायचं नाही, असा ठराव आहे तो."

"मध्ये पडायचं नाही, तर मग गेट का बंद करायचं?"

"अगं, सही कर. सगळ्यांनी केलीय."

"आता नको. हात ओले आहेत," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. बुक तसंच टीपॉयवर राहिलं. दुसऱ्या दिवशीही त्यांचे हात ओलेच होते. चंद्रहासांनी चिडून बुक तसंच संखेंकडे नेऊन दिलं. एका सहीने काय अडतंय?

नंतरच्या रविवारी सकाळी क्षितिजा आली. आशालताबाई गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या. खाली गेटबाहेर रिक्षा थांबली, ती उतरली, हातात चाकांची बॅग. वॉचमन स्टुलावरून उठला आणि गेटच्या मध्ये उभा राहिला. बोलणं वर ऐकू येत नव्हतं, पण त्याने हात जोडलेले दिसत होते. आजूबाजूच्या गॅलऱ्यांमध्ये एकेक माणूस येऊन उभा राहिला. रविवार असल्याने पुरुष घरी होते. कोणी हाक मारली नाही, कोणी खाली उतरलं नाही. क्षितिजा वर बघत नव्हती. तिने फोन काढला, लावला, ठेवला, पुन्हा लावला. मग ती बॅगेवरच बसली.

आशालताबाईंनी हातातला टॉवेल दोरीवर टाकला, चिमटा लावला आणि चप्पल घातली.

"कुठे निघालीस?" चंद्रहासांनी पेपरातून डोकं वर काढून विचारलं.

"खाली."

लिफ्ट वर अडकली होती, तेव्हा त्या कठडा धरून जिना उतरल्या. त्या गेटाशी पोचेपर्यंत संखेही आले होते. वॉचमन म्हणाला, "मॅडम, मेरे को साहब ने बोला है. मैं क्या करूँ?"

"तू काही करू नकोस," आशालताबाई म्हणाल्या. मग संखेंकडे वळून, "भाऊजी, त्या ठरावावर मी सही केलेली नाही."

"वहिनी, भाऊ होते ना मीटिंगला. त्यांनी हो म्हटलंय."

"कमिटीवर ते आहेत की मी?"

संखे हसले. मनाचा वाईट माणूस नव्हता तो. समजावणीच्या सुरात म्हणाले, "वहिनी, उगाच कशाला ताणता? कागदावर तुम्ही आहात, कबूल. पण तसं बघायला गेलं तर सभासद भाऊ आहेत. फ्लॅट त्यांचा. तुम्ही सहसभासद. त्यांनी उद्या पत्र दिलं तर तुमचं नावसुद्धा निघतं."

हे त्यांनी दुखवायला म्हटलं नव्हतं. नियम सांगितला होता. पण आशालताबाईंनी बॅगेवर बसलेल्या मुलीकडे पाहिलं. ज्या घराच्या दारात इतकी वर्षं रांगोळी घातली, त्या घरात आपण हिच्याइतक्याच आहोत, हे त्यांना त्या घटकेला कळलं. फरक एवढाच, की आपल्या नवऱ्याने पत्र दिलेलं नाही.

"बरं," त्या म्हणाल्या. "चौथ्या मजल्यावर तिला सोडू नका. दुसऱ्या मजल्यावर माझी पाहुणी येतेय. पाहुण्यांना बंदी असल्याचा ठराव झालाय का?"

तसा ठराव झालेला नव्हता. वॉचमनने संखेंकडे पाहिलं. संखेंनी वर गॅलऱ्यांकडे पाहिलं. मग ते बाजूला झाले.

घरात आल्यावर चंद्रहास ओरडले नाहीत. क्षितिजा समोर असल्यामुळे ओरडता येत नव्हतं. त्यांनी तिला पाणी दिलं, "बसा" म्हणाले, आणि मग स्वयंपाकघरात येऊन दबक्या आवाजात विचारलं, "किती दिवस?"

"ते मला काय माहीत?"

"मला कमिटीत तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस."

"मग नका दाखवू. यापुढे मी जाईन."

क्षितिजा महिन्याच्या वर त्यांच्याकडे राहिली. ती काही सद्गुणांची पुतळी नव्हती. बाथरूममध्ये वेळ लावायची, ओला टॉवेल पलंगावर टाकायची, ताटात माशाचा तुकडा अर्धा ठेवायची. आशालताबाईंना ते खपायचं नाही, पण त्या बोलल्या नाहीत. एका दुपारी चहा घेताना त्यांनी विचारलं, "मारायचा का गं तो तुला?"

"नाही हो काकू. कधीच नाही." क्षितिजा म्हणाली, "मारलं असतं तर सगळ्यांना पटलं असतं."

"मग झालं तरी काय?"

"त्याच्या आईबाबांना इथे राहायला यायचं होतं. मी नोकरी सोडावी असं ठरलं. मला न विचारता ठरलं. मी नाही म्हटलं. मग तो बोलायचाच बंद झाला. चार-पाच महिने एक शब्द नाही. आणि मग हे कुलूप." तिने कप खाली ठेवला. "मला त्याच्यासोबत राहायचंय असंही नाही आता. पण माझे कपडे, माझी सर्टिफिकेटं, सगळं आत आहे. मी बाहेर पडीन तर माझ्या पायांनी पडीन ना."

माणिकपूरला एका बेकरीच्या वरच्या मजल्यावर कॅथरिन लोपीस नावाच्या वकील बसायच्या. बालवाडीतल्या एका जुन्या सहकारी बाईने त्यांचं नाव सांगितलं होतं. आशालताबाई क्षितिजाला घेऊन गेल्या. कॅथरिन मूळच्या वसईतल्याच होळी गावच्या, बोलायला रोखठोक. सगळं ऐकून घेतल्यावर त्या म्हणाल्या, "घर कोणाच्या नावावर आहे, हा प्रश्न इथे पहिला नाहीच. लग्नानंतर ही जिथे नवऱ्याबरोबर राहिली, त्या घरात राहायचा तिला हक्क आहे. काढायचं तर कायद्याने, कोर्टामार्फत. कुलूप बदलून नाही. आणि सोसायटीला तर तिला गेटवर अडवायचा काहीच अधिकार नाही."

"आणि ज्यांच्यात भांडण नाही, त्यांचं काय?" आशालताबाईंनी विचारलं.

"म्हणजे?"

"म्हणजे सहजच विचारलं."

कॅथरिन हसल्या. "भांडण नसेल तेव्हा कोणी माझ्याकडे येत नाही, मावशी. यायला पाहिजे खरं तर तेव्हाच."

क्षितिजा त्याच घरात राहत होती, हे सांगणारं शेजाऱ्याचं प्रतिज्ञापत्र हवं होतं. मजल्यावरच्या दोघांनी "आमचं नाव नको" म्हणून सांगितलं. आशालताबाईंनी दिलं. सही करण्याआधी त्यांनी ते दोनदा वाचलं, आणि त्यात 'यांची पत्नी' म्हणून जिथे चंद्रहासांचं नाव होतं तिथे बोट ठेवून विचारलं, "हे लागतंच का?" कॅथरिन म्हणाल्या, "ओळखीसाठी असतं ते. राहू द्या." राहू दिलं.

वसईच्या कोर्टाने अंतरिम आदेश दिला. महिला-बालविकास खात्याचे संरक्षण अधिकारी आणि पोलीस आले, कुलूप उघडलं, क्षितिजा आत गेली. त्याच संध्याकाळी कौस्तुभ आला. चौथ्या मजल्यावर जायच्या ऐवजी तो दुसऱ्या मजल्यावर थांबला आणि दारातूनच म्हणाला, "काकू, तुम्हाला मी काय कमी मानलं होतं? गणपतीला तुमच्या पाया पडायचो मी. तुम्ही माझ्याविरुद्ध लिहून दिलंत?"

"तुझ्याविरुद्ध नाही लिहिलं. ती इथे राहत होती एवढंच लिहिलंय. राहत नव्हती का?"

कौस्तुभचे डोळे भरून आले. आशालताबाईंना त्याचंही वाईट वाटलं, आणि त्यांनी ते लपवलं नाही. "बस, चहा घे," म्हणाल्या. तो बसला नाही.

क्षितिजा त्या फ्लॅटमध्ये आठ-नऊ महिने एकटी राहिली. मग दोघांनी संमतीने घटस्फोट घेतला आणि ती नोकरी बदलून पुण्याला गेली. जाताना भेटायला आली, पाया पडली, थोडा वेळ बसली. दिवाळीला तिचा मेसेज येतो. कधी येतही नाही.

क्षितिजा त्यांच्याकडे राहत होती तेव्हाच कमिटीच्या पुढच्या मीटिंगला आशालताबाई स्वतः गेल्या होत्या. कोणीतरी त्यांना पंख्याखालची खुर्ची दिली. जुना ठराव मागे घेण्याचा विषय त्यांनीच मांडला, आणि संखेंनी वाद न घालता तो लिहून घेतला, कारण कॅथरिनबाईंची नोटीस त्यांच्याही हातात पडली होती. नंतर दोन तास गळतीवर चर्चा झाली. आशालताबाईंना त्यातलं बरंच कळलं नाही. नंतरच्या मीटिंगांमध्ये कळायला लागलं. मुदत संपल्यावर त्या पुन्हा उभ्या राहिल्या. या वेळी दोन राखीव जागांसाठी तिघी तयार होत्या, आणि आशालताबाई पडल्या. चौथ्या मजल्यावरच्यांनी तर मत दिलं नाहीच, पण आपल्या बाजूच्या वाटणाऱ्या कित्येकांनीही दिलं नव्हतं. चंद्रहासांनी दिलं की नाही, हे त्यांनी विचारलं नाही.

घराच्या नावाचं बोलणं मात्र त्यांनी काढलं होतं. सरळ काढलं होतं, जेवताना.

"अहो, फ्लॅटवर माझंही नाव घाला."

"का? मी काय तुला बाहेर काढणार आहे?"

"नाही काढणार. पण काढू शकता."

चंद्रहासांनी हात धुतला आणि दोन दिवस ते धड बोलले नाहीत. त्यांच्या मते हा अविश्वास होता. मग "बघू" म्हणाले. वर्षभर ते "बघू"च चाललं. पुढे शेजारच्या इमारतीतले त्यांचे फिरायला जातानाचे सोबती अचानक गेले. तेराव्याला चंद्रहास जाऊन आले. तिथे दोन मुलं आईसमोरच तिला कोणी किती महिने ठेवायचं ते बोलत होती, आणि ती बाई कोपऱ्यात बसून ऐकत होती. घरी येऊन चंद्रहासांनी चप्पल काढली, हातपाय धुतले. मग म्हणाले, "फ्लॅटचे कागद त्या वरच्या कपाटात आहेत का गं?"

बक्षीसपत्राची नोंदणी पावसाळ्यानंतर झाली. अर्धा हिस्सा. कार्यालयात अंगठ्याचे ठसे घेताना यंत्र आशालताबाईंचं बोट ओळखेना. इतक्या वर्षांच्या भांड्यांनी रेषा झिजल्या होत्या. तिथली मुलगी म्हणाली, "दुसरं बोट द्या, आजी." दुसरं दिलं, ते लागलं. परत येताना माणिकपूरच्या बाजारात उतरून त्यांनी वालाच्या शेंगा घेतल्या, चंद्रहासांनी पिशवी धरली. मुलीला फोन करून सांगायचं का, असं त्यांनी विचारलं, तर आशालताबाई म्हणाल्या, "सांगा की. पण तिच्या घराचं काय आहे, तेही विचारा."