न दाखवलेला पट्टा

टेक्सटाइलचा डिप्लोमा घेऊन मी घरी बसले होते. सुरतेतल्या एकाही मिलला मुलगी सुपरवायझर म्हणून नको होती. नव्वदीचं दशक नुकतंच लागलं होतं. त्याच सुमारास सरकारने तरुणांसाठी उद्योजकतेचा वर्ग काढला. लष्कराला लागणाऱ्या लहानसहान वस्तू आता छोट्या कारखानदारांनी बनवायच्या, आणि ते कसं करायचं हे सरकार शिकवणार. मी लगेच नाव घातलं.

नवागामहून सायकल मारत मी रोज वर्गाला जायची. तिथे आम्हाला खुंटीवर रिंगा फेकायला लावायचे. लांबून फेकणारा धाडसी, अगदी जवळून फेकणारा भित्रा, आणि बेताच्या अंतरावरून फेकणारा खरा उद्योजक. पुढे बँकेशी कसं बोलायचं, ग्राहकाला कसं पटवायचं, हेही झालं. माझ्या डोक्यात मात्र एकच गोष्ट होती. सैनिकांच्या पाठपिशवीचा नायलॉनचा पट्टा. माझे वडील बमरोलीत माग दुरुस्त करायचे. अरुंद पट्टी विणणारा एक जुना माग त्यांचा शेठ आम्हाला वापरू देणार होता.

वर्ग संपत आला तेव्हा मी तिथल्या अधिकाऱ्यांना विचारलं, "साहेब, पट्ट्याची जाडी, वीण, ताकद, हे कुठे बघायला मिळेल?"

"बेन, ए तो गोपनीय छे," ते म्हणाले. "नोंदणी झालेल्या पुरवठादारालाच देतात."

"मग नोंदणी कशी करायची?"

"आधी लष्कराला माल पुरवलेला असला पाहिजे."

मला वाटलं, ते गंमत करताहेत. पण ते चहा पीत होते आणि चेहऱ्यावर हसू नव्हतं.

घरी सांगितलं. वडील आमच्या अहिराणीत म्हणाले, "पट्टा बनाडाना शे, आनि पट्टाच दखाडतस नई?"

आमच्या गल्लीत फौजेतून निवृत्त झालेले एक काका होते. त्यांची जुनी पाठपिशवी मी मागून आणली. "उसव, पण फेकू नकोस," एवढंच ते म्हणाले. मी पट्टा उसवला, भिंगाखाली ताण्याचे उभे धागे मोजले, आणि वडिलांनी त्या मापाने माग बसवला. पहिली पट्टी कडेला गोळा झाली, दुसरी सैल आली. धागा बदलून पाहिला, ताण बदलून पाहिला. शेवटी जमली. आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत यंत्राला लावली तेव्हा काकांच्या पट्ट्यापेक्षा ती जास्त ओढ सहन करून तुटली. वडिलांनी तुटलेले दोन्ही तुकडे खिशात घातले.

लष्कराकडे नमुना पाठवला, तो न उघडताच परत आला. मी तो घेऊन अधिकाऱ्यांकडे गेले. ते म्हणाले, "नोंदणी नाही ना, बेन." पाकीट त्यांच्या टेबलावर आपटावंसं वाटलं. आपटलं नाही. बाहेर येऊन सायकलच्या सीटला जोरात मुक्का मारला, आणि हात दिवसभर दुखला.

पट्टी पडून राहू नये म्हणून आम्ही ती शाळेची दप्तरं शिवणाऱ्याला दाखवली. त्याला आवडली. त्यावर आमचं घर चाललं, चांगलं चाललं. पण मला दप्तराचे पट्टे करायचे नव्हते.

काही वर्षांनी वर्ग घेणाऱ्या त्याच सरकारी कार्यालयातून बोलावणं आलं. नव्या वर्गासमोर यशस्वी उद्योजिका म्हणून बोलायचं होतं. अधिकारी नवे होते. दारातच हळू आवाजात म्हणाले, "पट्टा लष्कराने घेतला नाही, ते राहू द्या. मुलं नाउमेद होतील."

मी उभी राहिले आणि सगळं जसं घडलं तसं सांगितलं. मागच्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. "ताई, मग आता तरी माप दाखवतात का?"

मी अधिकाऱ्यांकडे पाहिलं. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि चहा आला असल्याचं जाहीर केलं.