कोरा कान

आमच्या सासूबाईंनी कानात कधी काही घातलं नाही. ना बाळी, ना कापूस, ना मंत्र. बाळी टोचायची आणि कापसानं गुदगुल्या व्हायच्या. मंत्र का नाही, हे सांगायला मात्र हा एवढा पसारा मांडावा लागतोय.

घरी पाहुणा आला की सासूबाई, म्हणजे भागरताबाई, पाण्याचा लोटा घेऊन बाहेर यायच्या, डोक्यावरचा पदर मागे सारायच्या आणि दोन्ही कान दाखवायच्या. "पाहून घ्या जी. कान कोरा हाये. चालत असन तं प्या." माझे वडील सोयरीक बघायला आले, तेव्हा त्यांनाही हेच. गोंदियाला परत येऊन वडील मला म्हणाले, "बेटी, लडका अच्छा है. सास थोडी अलग है." थोडी!

आमच्या भागात जुन्या माणसांमध्ये गुरू करायची रीत आहे. वय झालं की गुरूंकडे जायचं आणि कान फुंकून घ्यायचा. म्हणजे गुरू कानात मंत्र सांगतात, तो मरेपर्यंत कोणाला सांगायचा नाही. ज्यानं गुरू केला नाही तो निगुरा. आणि नेमवाली माणसं निगुऱ्याच्या हातचं पाणी घेत नाहीत. सासऱ्यांनी कान फुंकून घेतला त्या दिवसापासून ते स्वतःचं पाणी स्वतः भरून प्यायला लागले. सासूबाई म्हणायच्या, "बरं झालं बाप्पा, एक काम कमी झालं." माझा नवरा धनराज यानंही पुढं गुरू केला, पण त्याचा नेम सोयीचा. आईच्या हातचं पाणी चालायचं, आई निगुरी आहे हे चारचौघांत सांगायची तेवढी लाज वाटायची. घरात शांतता राहावी म्हणून मीही कान फुंकून घेतला. शांतता काही राहिली नाही, ते सोडा.

गावातल्या बायका सासूबाईंना समजवायला यायच्या. त्यांचं उत्तर ठरलेलं. "मंत्र चांगला असन तं बोडीच्या पाळीवर उभं राहून सांगा ना वं, सारे आयकतीन. कानात कायले? अन् खराब असन तं मले नको." बोडी म्हणजे आमच्याकडचं गावतळं, आणि पाळी म्हणजे त्याचा बांध. बायका चहा पिऊन जायच्या. चहा मी केलेला असायचा.

आणि देवाधर्माचं वावडं होतं असंही नाही. सकाळची झाडलोट झाली की त्या गावच्या बोडीवर जायच्या आणि पाळीवर बसायच्या. पाठ ताठ, हात मांडीवर, नजर पाण्यावर. त्यांच्या माहेरी तळी बांधणाऱ्या कोहळी समाजाचं घराणं. वडील धानाच्या रोवणीच्या दिवसांत शेतांना पाणी वाटून द्यायचे. लोक फावडी उगारून भांडायला आले की ते आधी गुपचूप बसून आपला श्वास पाहायचे, मग तोंड उघडायचे. लेकीनं तेवढंच उचललं. मी लग्न होऊन आले तेव्हा विचारलं, "आई, तुम्ही तिथं बसून करता काय?"

"श्वास येऊन राहिला, जाऊन राहिला. मी पाहून राहिली."

"बस, एवढंच?"

"आनखी काय पाह्यजे?"

माझा स्वभाव तापट. एकदा धनराजशी भांडताना मी भाताचा गंज अंगणात आपटला. सगळीकडे भात. सासूबाई ओसरीवरून म्हणाल्या, "राग येऊन राहिला का वं?"

"येणारच! तुमच्या लेकाची बाजू घेऊ नका."

"नाई घेत. येऊ दे राग. मोठा हाये का लहान?"

"काय?"

"राग. पाह्य अन् सांग."

मी खरंच पाहायला गेले आणि मला हसू फुटलं. मग हसू आलं म्हणून पुन्हा राग आला. तोवर त्या कोंबड्यांना हाका मारून भाताकडं घेऊन आल्या होत्या.

माझी मुलगी प्रणाली देवरीला दवाखान्यात नर्स म्हणून लागली आणि तिथंच तिचं चिचगडच्या एका मुलाशी जुळलं. मुलगा गुणी, घरची शेती, दोघांचा एकमेकांवर जीव. अडचण होती मुलाच्या आजोबांची. दुधरामजी म्हणजे कडक नेमाचा माणूस. प्रवासातही पिशवीत स्वतःचा लोटा. निगुऱ्याच्या घरची मुलगी ते करून घेणार नाहीत, हे प्रणालीनं आधीच रडत रडत सांगितलं होतं. धनराजनं तोड काढली. "मंत्र तर सांगायचाच नसतो. मग आहे की नाही हे तपासणार कोण? नुसतं हो म्हणायचं." सासूबाई तांदूळ निवडत होत्या. बोलल्या काहीच नाहीत. आम्हाला वाटलं, नातीसाठी कबूल झाल्या.

पाहुणे दुपारी आले. दुधरामजी खुर्चीवर बसले आणि त्यांनी थेट विचारलं, "घरात साऱ्यायचा गुरू झाला ना?"

"हो जी, साऱ्यांचा," धनराज म्हणाला. "आईचाही."

म्हाताऱ्याचा चेहरा खुलला. त्यांनी स्वतःचा लोटा खाली ठेवला आणि सासूबाईंच्या हातातल्या लोट्याकडं हात केला. सासूबाईंनी पुढं केलेला लोटा मागे घेऊन छातीशी धरला.

"थांबा जी. पोरगा लबाड बोलून राहिला. माहा कान कोरा हाये."

मला वाटलं, धरणी दुभंगावी आणि आधी धनराजला पोटात घ्यावं.

"तुमी तुमचा नेम इतके वर्सं सांभारला," सासूबाई म्हणाल्या. "तो माह्या हातानं मोडू कायले?"

दुधरामजींनी त्यांच्याकडं नीट पाहिलं. "मंग लग्नाच्या आधी घ्या ना गुरू."

"नाई घेत."

"काऊन?"

"मी सुखात हावो जी. सुखातल्या मानसाले दवा कायले?"

म्हातारे उठले. चहासुद्धा घेतला नाही. नातू मान खाली घालून त्यांच्या मागे गेला. आत प्रणाली हमसून हमसून रडायला लागली, बाहेर धनराज ओरडायला लागला, आणि खरं सांगते, मीही काही कमी बोलले नाही. "आई, गप्प बसला असतात तर काय बिघडलं असतं?"

"कान कोरा ठेवला, आता तोंड कायले खराब करू?" एवढं म्हणून त्या बोडीकडं निघून गेल्या.

मी मागोमाग गेले. भांडायलाच गेले होते. पाळीवर पाहते तर त्या नेहमीसारख्या ताठ बसलेल्या आणि डोळ्यांतून धारा. मी इतक्या वर्षांत त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

"पोरीसाठी जीव तुटून राहिला वं," त्या म्हणाल्या.

"मग ऐका ना आई. एवढं एकदा ऐका."

"आयकून राहिली. तुटून राहिला तेबी पाहून राहिली. पन भेवानं कान देल्ला तं तो गुरू नोहे. तो दंड हाये."

मला त्यांचा भयंकर राग आला होता आणि त्यांना सोडून दुसरीकडं कुठं जावंसंही वाटत नव्हतं. मी शेजारी बसले. पहिल्यांदाच काही न बोलता बसले.

पुढचे काही दिवस घरात कोणी कोणाशी धड बोललं नाही. मग चिचगडहून फोन आला. स्वतः दुधरामजी. प्रणालीनं मोबाइल स्पीकरवर टाकला. "पोरगी पसंत हाये. जे म्हातारी आपली सोयरीक मोडू देते, पन दुसऱ्याचा नेम मोडू देत नाई, तिच्या घरी आमाले धोका नाई होनार. पन सांगून ठेवतो, पानी मी तिच्या हातचं घेनार नाई."

"देनार बी नाई म्हना!" सासूबाई चुलीपासून ओरडल्या.

लग्न झालं. त्यानंतर दुधरामजी दरवर्षी दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेला आमच्याकडं यायला लागले, बगलेत स्वतःचा लोटा घेऊन. ओसरीवर पाय ठेवताच विचारायचे, "अजून कोराच का जी?" सासूबाई पदर सारून म्हणायच्या, "कोराच जी." मग दोघं म्हातारे हसायचे आणि वाद घालायला बसायचे. ते म्हणायचे, "निगुऱ्याले गती नाई." त्या म्हणायच्या, "मले कुठं जावाचं हाये? मी इथंच बरी हावो." ना त्यांनी कधी पाणी घेतलं, ना यांनी कान दिला. इतकी भांडकुदळ आणि इतकी निर्मळ मैत्री मी दुसरी पाहिली नाही.

गेल्या वर्षी धान घरात आलं आणि सासूबाईंनी अंथरूण धरलं. आधी जेवण सुटलं, मग बोलणं. त्या दुपारी श्वास अडखळायला लागला तेव्हा खोली माणसांनी भरलेली होती. प्रणाली आणि दुधरामजी चिचगडहून आले होते. सासूबाईंचं डोकं माझ्या मांडीवर होतं. धनराज लहान पोरासारखा रडत होता. त्यानं दुधरामजींचे पाय धरले. दुधरामजींना त्यांच्या गुरूंनी मंत्र द्यायची परवानगी दिलेली होती. "आता तरी आईच्या कानात मंत्र जाऊ द्या जी. तिला गती मिळू द्या."

दुधरामजी पुढं आले. मी सासूबाईंचा कान तळहातानं घट्ट झाकला.

"खबरदार!" मी म्हणाले. "तोंड चालत होतं तोवर कोणाची हिंमत झाली नाही. आता बोलता येत नाही तर डाव साधता? उद्या गावभर सांगाल, म्हातारी शेवटी वाकली. नाही वाकली! मी हात काढणार नाही."

कोणीतरी म्हणालं, सून पागल झाली. धनराज माझा हात ओढायला लागला. दुधरामजींनी त्याला मागे सारलं आणि माझ्यासमोर टेकले.

"सूनबाई, हात काढा. मी काई देऊन नाई राहिलो. मी इचारून राहिलो."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी हात काढला. ते सासूबाईंच्या कानाशी वाकले आणि साऱ्या खोलीला ऐकू येईल अशा आवाजात म्हणाले, "अजून कोराच का जी?"

सासूबाईंचे डोळे मिटलेलेच होते. ओठ हलले. आवाज आला नाही, पण ओठ हलले, सगळ्यांनी पाहिलं.

दुधरामजी सावकाश उठले, दुपट्ट्यानं डोळे पुसले आणि धनराजकडं वळले.

"इचारलं गा," ते म्हणाले. "कोराच म्हनून राहिली."