कागदात गुंडाळलेली प्लेट

साल २०२३, माझं वय एकाहत्तर. हडपसरला माझ्या शेजारच्या खोलीत भाड्यानं राहणाऱ्या, विदर्भातल्या पोराच्या दातांच्या तारा त्या वर्षी निघाल्या. त्याआधी दोन वर्षं तो रोज सकाळी नळावर उभा राहून तारेच्या फटीफटीतून बारीक ब्रश फिरवायचा. मी शेजारी बाभळीच्या काडीनं माझी शाबूत बत्तीशी घासत म्हणायचो, "अहो साहेब, दात घासताय का मोटार धुताय?" तो हसायचा, पण तोंडावर हात ठेवून.

तारा निघाल्यावर दात पुन्हा वाकडे होऊ नयेत म्हणून डॉक्टरांनी दातांवर बसवायची काचेसारखी पारदर्शक प्लेट दिली. जेवताना काढायची, धुऊन परत लावायची. तेव्हापासून तो उघड्या तोंडानं हसायला लागला.

एका दुपारी खानावळीत आम्ही एकाच टेबलावर होतो. प्लेटची डबी तो खोलीवर विसरला होता, म्हणून त्यानं प्लेट कागदात गुंडाळून ताटाशेजारी ठेवली. हात धुऊन येतो तोवर वाढप्यानं तो कागद उष्ट्याच्या पिंपात टाकलेला. पोरानं कोपरापर्यंत हात घालून सगळं पिंप चाळलं. प्लेट सापडली, पण मोडलेली.

"दुसरी करून घ्या की," मी म्हणालो.

"कशानं करू जी, काका? मागच्या आठवड्यात नोकरी गेली. आता हे दात जातील जुन्या जागी."

बोलताना त्याचा तो उष्टा हात आपोआप तोंडावर गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो नळावर दिसला. मी काडी घेऊन आत वळलो आणि मोरीत बसून दात घासले.